उणे शहाऐंशी

माझा जन्म मुरुडचाच, खाडीच्या काठावरचा. वडील होडीवर होते, पण मला लहानपणापासून लाटेवर मळमळायचं, म्हणून मी पाण्यात न जाता पाण्याचं माप घेणारा झालो. म्हणजे काय, तर धक्क्याला आकडे रंगवलेला एक खांब असतो, त्यावर पाणी किती चढलं, किती उतरलं ते बघून वहीत लिहायचं. सत्तावीस वर्षं ते केलं, एक रकाना कोरा सोडला नाही. आई म्हणायची, माजा एक पोर दर्यान जातंय, न दुसरा दर्याची हजेरी घेतंय.

दर्यात जाणारा तो माझा धाकटा भाऊ हरेश. घर एकच. वरच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो, ते सगळं हरेशची बायको सुगंधा बघते. पाहुणे आल्या आल्या पाणी मागत नाहीत, वायफाय मागतात, म्हणून ते बसवलं. बसवायला अस्लमभाई आला, बाजारात त्याचं दुकान आहे, माझ्याच वयाचा. तो म्हणाला राउटर घराच्या मध्यावर उंच लावा, भिंती कमी आडव्या येतात, पण सुगंधाने हट्टाने खाडीकडच्या खिडकीत लावून घेतला, कारण होडी खाडीच्या तोंडाशी आली की हरेशचा फोन आपोआप जोडला जायचा, आमच्या मोबाइलवर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत त्याचं नाव यायचं आणि ती भात ठेवायची. तो हात-पाय धुऊन येईपर्यंत भात तयार. पासवर्ड हरेशनेच ठेवला, होडीचं नाव आणि तिचा नंबर. अस्लमभाई त्याला म्हणाला, शाबास, घराची चावी होडीवर रंगवून अख्ख्या बंदराला दाखव.

मला आकड्यांची खोड. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा स्वतःचा नंबर असतो, आमच्या सगळ्यांचे मी वहीत उतरवून ठेवले. यादीत सिग्नलचाही आकडा येतो, तो उण्यात असतो, शून्याच्या जितका जवळ तितकं यंत्र जवळ. मी फोन घेऊन चालत चालत मोजलं. ओटीवर उणे बावन्न, अंगणातल्या माडाखाली उणे साठ, खाडीच्या तोंडाशी उणे शहाऐंशी.

दोन वर्षांपूर्वी होडी परत आली, हरेश आला नाही. दुसऱ्या होडीवाल्यांना ती तरंगताना सापडली, जाळी जागच्या जागी, डबा खाल्लेला. फोन त्याच्या खिशात असायचा. काय सांगू तुम्हाला, शोधायचं तेवढं शोधलं.

वर्ष गेलं. मग पाहुणे कुरकुरायला लागले की नेट चालत नाही. यादी उघडली तर आमची यंत्रं सहा आणि जोडलेली एकोणीस, आणि त्यात हरेशचं नाव. नावावर माझा विश्वास नाही, नाव कोणीही कसलंही देतो, मी बाराच्या बारा अक्षरं वहीशी ताडली. तोच फोन. सिग्नल उणे शहाऐंशी, वापर शून्य. चार मिनिटं राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं उशिरा आला, तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. ज्याने सत्तावीस वर्षं तो खांब वाचला त्याला हे कोणी समजावून द्यायला नको, भरती रोज तेवढीच पुढे सरकते. भरदुपारचं ऊन, खाली बायका वाळत घातलेली सुकट उलटवताहेत, हसताहेत, आणि मी वहीतल्या वेळा पुन्हा पुन्हा ताडतोय.

अस्लमभाई म्हणाला, फोन कोणाला तरी सापडला असेल, जुना पासवर्ड त्यात आहेच, भरतीला होड्या आत येतात, त्यातल्या एकीवर असेल. मला पटलं. मग पावसाळ्याची बंदी लागली, झाडून सगळ्या होड्या काठावर ओढल्या, नाव यायचं ते येतच राहिलं. अस्लमभाई एवढंच म्हणाला, पण चार्ज कोण करतं?

अशात आमच्या वायफायवरून कोणी तरी कोणाला तरी धमकी पाठवली. हवालदार घरी आला, म्हणाला कनेक्शन तुमच्या नावावर, पुन्हा झालं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल. आता पासवर्ड बदलणं भागच होतं. सुगंधा दारात उभी राहिली. दादा, नका बदलू, म्हणाली, मंग ह्यांच्या फोनला घर कसं गावंल? मी मान खाली घालून बदलला. पाहुण्यांना वेगळं वायफाय करून दिलं, घरच्याला सोळा अक्षरांचा पासवर्ड ठेवला, तो मला आणि सुगंधाला सोडून कोणाला माहीत नव्हता, कागदावरसुद्धा नव्हता. बाकीचे तेरा गेले. त्यात हरेशचं नावही गेलं. सहा दिवस भरती कोरी गेली, सुगंधा जेवली न जेवली.

सातव्या दिवशी पाणी चढत असताना ती खाडीच्या पायऱ्यांवर गेली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि मोठ्याने, एक एक अक्षर सुटं करून, तो पासवर्ड पाण्याला सांगितला. दोनदा सांगितला, लहान पोराला पाढा सांगतात तसा. मी ओटीवरून ऐकलं. ती वर आली तेव्हा रागावलो, म्हटलं पासवर्ड परक्याला सांगायचा नसतो, एवढं सांगून ठेवलंय.

“परक्याला कुठं सांगितला, दादा,” ती म्हणाली. “घरच्याच मानसाला सांगितला.”

दुसऱ्या दिवशी भरतीला नाव आलं. वही काढली, बाराच्या बारा अक्षरं ताडली. अस्लमभाईला सांगितलं तर तो म्हणतो, काठावर कोणी तरी ऐकलं असेल. असेल. मी नाही म्हणत नाही. पण नंबर तोच, आणि सिग्नल आता शहाऐंशी नव्हता. ऐंशी होता. मग चौऱ्याहत्तर. परवा साठ. काल उणे बावन्न, आणि ओहोटी लागली तरी नाव गेलं नाही.

लोक मला विचारतात, पासवर्ड किती दिवसांनी बदलावा. मी सांगतो, तुमचा बदलत राहा, होडीचं, पोराचं नाव ठेवू नका. माझा मी आता बदलणार नाही. आज भरती चार वाजून दहा मिनिटांनी आहे. थांबायचं तर थांबा, पाहुण्यांचं वायफाय देतो तुम्हाला. वास येतोय ना, सुगंधाने भात ठेवलाय. देव तुमचीही माणसं वेळेवर घरी आणो. आणि जरा इकडे सरकून बसा, ओटीवरची ती कडेची खुर्ची मोकळी राहू दे.