डीला काही होत न्हाई

...आणि वर मलाच विचारतंय, "कॉम्प्युटरचं नाव काय ठेवायचं?" आता तुम्हाला सांगतो, धर्माबादेत माझं लग्नपत्रिकेचं दुकान हाय, पंधरा वर्षं झाली, कॉम्प्युटरचं बारसं आजवर कुणी केलंय का? पण या डेबियनला नाव पाहिजे! नाव दिलं तर म्हणतं, मुख्य पासवर्ड द्या. दिला. परत द्या. दिला की बाबा! आता तुमचं पूर्ण नाव द्या. मोहियोद्दीन. आता त्याचं छोटं नाव द्या. आता त्या छोट्या नावाचा पासवर्ड द्या... दाखला काढाया गेलो तर एवढं विचारत न्हाईत हो, तिथं निदान मधी जेवणाची सुट्टी असती!

झालं असं, दुकानात दोन मशीन, दोन्ही खटारा, नवीन विंडोज त्यांना झेपंना. माझी लेक मनतशा नांदेडला एमसीए करून राहिली, ती म्हणली, विंडोज काढून लिनक्स टाका, फुकट हाय. दोन पेनड्राइव्ह दिले, दोन्हीत लिनक्सच, एकात डेबियन, एकात उबंटू. डेबियन आई, उबंटू तिच्याच पोटची लेक, कोणतं बी टाका. मी म्हणलं, एकेक टाकून बघू, आई बरी का लेक बरी. फोनवर तिनं विचारलं बी, "अब्बा, बॅकअप घेतला न?" मी म्हणलं, "हाव, सगळं डी ड्राइव्हला हाय." आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक हाय, विंडोज मेलं तर सी जातं, डीला काही होत न्हाई!

तर पहिलं मशीन आमच्या मंडळीचं, बिलकीसचं. त्याच्यावर ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरती, जपून ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी डेबियन विचारतंय, ही डिस्क वापरू? हाव. सगळी वापरू? हाव बाबा! हे हे पुसलं जाईल, बघून घ्या... आणि उत्तर आधीच 'नको'वर धरून बसलंय! मग देश कोणता, आमच्या पाहणीत भाग घेता का, पडदा कसला पाहिजे... बिलकीस म्हणली, तुमच्या अम्मी मला बघाया आल्या तवा त्यांनी बी एवढं विचारलं नव्हतं. दोन तास गेले, दोन तास!

दुसरं मशीन पत्रिकांचं. त्याला उबंटू. काय अदब, तुम्हाला सांगतो! लावल्या लावल्या रंगीत पडदा, "आधी वापरून बघा, आवडलं तर टाका." याला म्हणतात खानदान! दोन-चार सवाल, ते बी गोडीगोडीनं. मधी एक ओळ आली, डिस्क पुसून टाकायचं का? पुस की! सीच पुसणार न? डीला काही होत न्हाई! खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, पण बारीक अक्षर मी गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत वाचतो, स्वतःच्या कामात कुठं वाचतो? दाबलं. अर्ध्या तासात तयार. मी बिलकीसला म्हणलं, बघ, आई कटकटी, लेक गुणाची.

मग डी उघडाया गेलो... डी कुठं हाय? सी न्हाई, डी न्हाई! मनतशाला फोन लावला. पोरगी म्हणली, "अब्बा, सी अन् डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतेत. तुमी अख्खी पेटीच रिकामी केली."

आता डीवर काय होतं? अमृतराव शेठच्या पोराची पत्रिका, चार दिवसांत छापून द्यायची! तुम्ही म्हणाल, परत टाइप करा. अहो, एकशे त्रेचाळीस नावं! अकरा प्रूफं झाली! शेठचे धाकटे भाऊ ज्ञानोबा म्हणायचे, माझ्या सासऱ्याचं नाव मधल्या ओळीत का? बिलोलीच्या सरजाबाई आत्या म्हणायच्या, आमचे हे कैलासवासी झाले म्हणून काय त्यांना तळाला टाकता? किलबिलमध्ये तर प्रूफं चालू असताना दोन लेकरं नवीन जन्मली! दीड महिन्यानं अकराव्या प्रूफवर सगळे गप झाले. अन् शेठनं बजावलं होतं, मोबाइलवर पाठवू नका, भावकीत फिरलं की परत पेटतं.

शेठच्या आडतीवर जाऊन सांगितलं. शेठ हळदीच्या पोत्यावर टेकले. मग हळूच म्हणले, "मोहियोद्दीनभाई, त्या प्रूफपायी माझे भाऊ चार वर्षांनी एका सतरंजीवर बसले होते."

दुसऱ्या दिवशी अख्खी भावकी दुकानात! हरेकाच्या हातात एक प्रूफ, हरेकाचं म्हणणं, हेच फायनल! ज्ञानोबांकडं चौथं, त्यात सासरा वर. आत्यांकडं सातवं, त्यात कैलासवासी वर. अकरावं? अकरावं कुणाकडंच न्हाई! कारण ते पसंत कुणालाच नव्हतं, नुसतं मान्य होतं. अन् मला तवा ते डेबियन आठवलं हो... म्हातारी बिचारी 'नको'वर बोट ठेवून बसली होती, अन् मी तिला शिव्या घालून राहिलो होतो. डीला काही होत न्हाई म्हणे!

तीन दिवस दुकानातच चहा, दुकानातच रुसवे. नवीन प्रूफ निघालं. तवा सरजाबाई आत्यांनी चष्मा लावून पार तळाची ओळ वाचली, 'मुद्रक : मोहियोद्दीन, धर्माबाद', अन् म्हणल्या, हे नाव काढा. ज्ञानोबा म्हणले, काढा. शेठ बी म्हणले, काढा. मी बी मुकाट काढलं. दीड महिना अन् वर तीन दिवस, एवढ्या सगळ्या नावांत भांडण न होता निघालेलं एकच नाव, तुम्हाला सांगतो, ते माझं.