वळा म्हटलं की वळायचं

हवेचे सिलिंडर भरून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. पाण्याखालच्या गुहेतून सराव करून नुकतेच आलेले, केस अजून ओले. दोन्ही कुशींना एकेक बांधायचे ते सिलिंडर पायाशी ठेवून नवऱ्याने काटे वाचायला घेतले.

"तुझे दोन्ही अर्ध्याच्या वर आहेत की गं."

"हो."

"माझेही. म्हणजे हवा भरपूर होती."

"होती ना."

"परतीच्या वाटेची दोरी नीट हातात होती. पाणीही नितळ."

"अहो, सरांनी काय सांगितलंय? जोडीदाराने अंगठा वर केला की मुकाट मागे वळायचं. का म्हणून विचारायचं नाही."

"मी कुठे विचारतोय?"

"मग मघापासून काय चाललंय?"

"काखेतला पट्टा सैल झाला होता का?"

"नाही."

"घाबरलीस?"

"अजिबात नाही."

"बरं, राहिलं."

"कुणाकडे गेलो आणि मी निघू या म्हटलं, तर तुम्ही कधी उठलात? पाच मिनिटं म्हणता आणि नव्याने चहा मागवता. परवा गाडी मागे घ्या म्हटलं, तर..."

"रस्ता पुढे सापडणारच होता."

"सापडला?"

"आज तर वळलो ना लगेच."

"वळलात. तेवढंच बघायचं होतं."

"म्हणजे कारण काहीच नव्हतं?"

"हेच कारण. उद्या तुम्ही न्याल तिथवर आत येते."