फाटकासमोरची आठ फूट जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मंडळाच्या संयोगिताअक्का, प्रमुख पाहुणे आणि वाहनतळाचे कंत्राटदार श्रीयुत पद्माकर मोहिते, सत्कारमूर्ती विठोजीअण्णा, आणि चामराजपेटेतील माझ्या बंधुभगिनींनो,

कार्यक्रम बावीस मिनिटे उशिरा सुरू झाला आहे. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. एकतीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात भूमापन शिकवल्यावर माणसाला नोंदीशिवाय बोलता येत नाही. मंचावर येताना अक्का मला हळूच म्हणाल्या, "त्रिविक्रमराव, आज स्वल्प गोड बोला. जेवण पद्माकररावांकडून आहे." अक्का, जेवणाबद्दल मी गोडच बोलेन.

निमंत्रणपत्रिकेवर सुबक अक्षरांत छापले आहे की विठोजीअण्णा स्वेच्छेने निवृत्त झाले आहेत. ही इच्छा नेमकी कोणाची, हे मी आज दुपारी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "कागद टाईप करूनच आणलेला, सार. इथं सही कर म्हणाले. सरी, बरं म्हटलं, केली." एखाद्या माणसाला कामावरून काढायचे आणि वर त्याच्या गळ्यात हार घालायचा, या रीतीला आपण समारंभ म्हणावे काय?

बाजाराजवळच्या पालिकेच्या वाहनतळावर अण्णा सव्वीस वर्षे उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, तळ कंत्राटावर गेला आणि तळाबरोबर अण्णाही पद्माकररावांकडे गेले. तुमच्यापैकी प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी दटावले असेल: "हँडल लॉक नको, सार, गाडी सरकवायला लागती." मलाही दटावले आहे. शिवाय रोज सकाळी ते पूर्वेच्या बाजूला चुन्याची एक रेघ मारत आणि रेघेपलीकडे आठ फुटांच्या पट्ट्यात कोणालाही गाडी लावू देत नसत. त्या पट्ट्यामागे सूतिकागृहाचे बाजूचे फाटक आहे. पाटी नाही, करारात कलम नाही. केवळ रेघ, आणि ती मारणारा माणूस.

गेल्या वर्षी कंत्राटदाराच्या कामाची तपासणी करण्यासाठी पालिकेने तीन नागरिकांची समिती नेमली. तिचा प्रमुख मी. चार सकाळी मी टेप आणि घड्याळ घेऊन तळावर उभा राहिलो. माझा एक नियम होता, आणि त्याचा मला अभिमान होता: ज्याच्या कामाची तपासणी, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोलले की मत गढूळ होते, असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्या चारही सकाळी फाटक बंद होते. मी अहवालात चौदा ओळी लिहिल्या. सातवी अशी: "पूर्व बाजूस आठ फूट रुंदीचा पट्टा कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे दररोज रिकामा राहतो." मापात अर्ध्या इंचाची चूक नव्हती.

आता पद्माकररावांच्या कार्यक्षमतेविषयी. छप्पर गळते, असे मी लिहिले होते. ते आजही गळते. उताराकडचा दिवा बंद आहे, असे लिहिले होते; तो बंदच आहे. नेमून दिलेल्या सहा माणसांपैकी तीनच हजर असतात, असे लिहिले होते. आता दोन असतात. चौदा ओळींपैकी एका ओळीवर मात्र अठ्ठेचाळीस तासांत कारवाई झाली. रेघ धुतली गेली, पट्ट्यात स्कूटरी दाटीने उभ्या राहिल्या आणि 'हलगर्जी' कर्मचाऱ्यासमोर टाईप केलेला कागद आला. ज्यांना गळके छप्पर वर्षभर दिसत नाही, त्यांना एका गरीब माणसाविरुद्धचे वाक्य दोन दिवसांत कसे सापडते?

तिसऱ्या रांगेत बाळ रडते आहे. रडू द्या, आसावरी, बाहेर नेऊ नकोस. त्याचा या विषयाशी माझ्याइतकाच संबंध आहे.

आसावरी आपल्या मंडळाचे ग्रंथालय सांभाळते. गेल्या महिन्यात तिला कळा सुरू झाल्या, रिक्षा फाटकाशी आली आणि आत जाईना. समोर स्कूटरींची भिंत, प्रत्येकीचे हँडल लॉक. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, तळावरचा नवा माणूस म्हणाला, "गाडीवाले येईपर्यंत थांबा." अण्णा तेव्हा नोकरीत नव्हते. सव्वीस वर्षांची सवय म्हणून समोरच्या चहाच्या गाडीवर बसले होते. एकसष्टाव्या वर्षी त्या माणसाने एकामागून एक सात स्कूटरी मागून उचलून सरकवल्या. सूतिकागृहातल्या अंबुबाई आया धावत आल्या आणि दोघांच्या आधाराने आसावरी त्या फटीतून चालत आत गेली.

मी पेढे घेऊन भेटायला गेलो, तेव्हा ती मला म्हणाली, "काका, तुमच्या अहवालातून मी चालत गेले बरं का." ती हसत होती. मला हसता आले नाही.

तिथून उठून मी पद्माकररावांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सार, मी काय वेगळं केलं? अहवालावर तुमचीच सही आहे." कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या अर्जात त्यांनी लिहिले आहे, 'समितीच्या सूचनेनुसार जागेचा पूर्ण वापर.' माझ्या नावाचा असा वापर मी सहन करणार नाही. पण ते नाव त्यांना वापरायला दिले कोणी?

अक्कांनी मला चिठ्ठी पाठवली आहे. 'वेळ संपली' असे लिहिले आहे. ती बावीस मिनिटे मी अजून वापरलेली नाहीत, अक्का.

सोमवारी पालिकेत नूतनीकरणाची बैठक आहे. माझा दुरुस्त अहवाल माझ्या खिशात आहे. सातवी ओळ मी मागे घेतली आहे. पट्टा कायमचा मोकळा ठेवावा, अण्णांना कामावर परत घ्यावे आणि हे कंत्राट पुढे चालू ठेवू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ही शाल अण्णांच्या खांद्यावर घालण्याचे काम माझ्याकडे दिले होते. ती घडीतच राहू द्या. कामावर परतणाऱ्या माणसाला निरोप द्यायचा नसतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे, जेवणाबद्दल पद्माकररावांचाही. भाषणाच्या शेवटी वक्ता सभेची क्षमा मागतो. माझ्या बोलण्यात आज काही उणे राहिले असेल असे मला वाटत नाही, म्हणून सभेची मी मागत नाही. विठोजीअण्णा, तुमची मागतो. चार सकाळी मी तुमच्यापासून दहा फुटांवर उभा होतो. ही जागा मोकळी का, एवढे विचारले नाही.