फिल्टर मीच बदलला

गाडीतला एसीचा फिल्टर घरीच बदलला की राजसची तीनशे रुपये मजुरी वाचणार होती, शिवाय त्याच्या बायकोच्या तोंडून शेजारच्या क्षितिजचं होणारं कौतुकही आता राजसच्याच वाट्याला येणार होतं. आता बेंगळुरूतल्या सर्जापूर रोडच्या गॅरेजात, माझ्या गाडीचं काम होईपर्यंत, ही नवरा-बायको माझ्या बाजूलाच बसली होती.

“क्षितिजने दहा मिनिटांत बदलला होता.”

“मीही दहाच मिनिटांत बदलला, मुग्धा.”

“मग वारा का येत नाही?”

“त्यालाच विचार. सगळं त्यालाच तर विचारतेस.”

“तो म्हणालाच होता, अडलं तर हाक मारा.”

“म्हणूनच नाही मारली!”

मेकॅनिक फिल्टर घेऊन आला. “सर, प्लास्टिक का कवर तो निकाला ही नहीं!”

“...कितना हुआ, अण्णा?”

“अरे, कुछ नहीं, सर.”

“बघ, किती चांगला माणूस!” मुग्धा म्हणाली.

राजसने पाचशेची नोट त्याच्या खिशात कोंबली.