अण्णांच्या चितेवरचा ओला साग

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो आणि माझ्या भावंडांनो,

अण्णांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय, पण मला सभेत बोलायची सवय नाही. नववीत शाळा सुटली. चुकू नये म्हणून सगळं लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला मी अण्णांच्या ओटीवर कागदी पिशव्यांवर नावं लिहीत होतो. ‘शाळेमागचा साग, धुतलेली पानं.’ ‘शाळेमागचा साग, न धुतलेली पानं.’ आतून अण्णांनी पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन गेलो, तोवर अण्णा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याबद्दल मला शंका नाही. माझी शंका पुढची आहे.

भिवपुरीच्या वीजघरातली नोकरी संपली आणि अण्णा पानं गोळा करू लागले. तुम्ही हसलात. “अण्णा, पत्रावळ्यांचा धंदा काढला का?” असं मीही विचारलं होतं. शाळेच्या रस्त्यापलीकडच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढतात. धुरातलं शिसं झाडात किती उतरतं, ते मुंबईच्या एका कॉलेजात तपासून मिळतं. कारखान्याचे साहेब म्हणाले, ही तर रस्त्याची धूळ. म्हणून अण्णा अर्धी पानं धुवून पाठवायचे. ताडून बघायला कोंडाणे लेण्यांच्या डोंगरातलीही पाठवायचे, तिथं धूर पोचत नाही. कोंडाण्याच्या पानांत शिसं नावालाच निघालं. आपल्या धुतलेल्या पानांत मात्र ते होतंच.

त्याच शाळेमागच्या सागाखाली आपली पोरं डबा खातात. त्याच पानांवर जांभळं घेऊन खातात.

मी म्हणायचो, “अण्णा, आपलं कोण ऐकणार?”

अण्णा म्हणायचे, “आरं, मानूस साक्ष फिरवतो. झाड कुटं जातंय?”

झाड गेलं, मंडळी.

मंगळवारी आपण सगळे अण्णांच्या दारात बसलो होतो. पेणहून त्यांची मुलगी सुमनताई यायची होती. तेवढ्या वेळात शंकरशेठ टेंपो भरून लाकडं घेऊन आले. शेठ, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून तोंडावर बोलतो. तुमचाच टेंपो कारखान्यात बॅटऱ्या पोचवतो. आपल्याकडे चितेला आंबा घालतात. साग कोण घालतं? साग दारं-खिडक्यांसाठी जपतात, तोडायला परवानगी काढतात. लोक म्हणाले, केवढं मन शेठचं! मी ओंडका उचलला. ओला होता. पेटेना, नुसता धुमसत राहिला. रॉकेलचा डबा ओतावा लागला. उचलतानाच सालीवर ठोकलेली पत्र्याची चकती दिसली होती. तिच्यावर तीनचा आकडा. माझ्या हातचा. अण्णा ज्यांची पानं पाठवायचे त्या झाडांना मीच नंबर ठोकले होते, आणि तीन नंबर म्हणजे शाळेमागचा साग.

मी तिथंच विचारलं, “शेठ, हा साग कुठला?”

तुम्ही म्हणालात, “मेलेल्या मानसाच्या सरणाचा हिशोब मागतोस? लाज हाय का रं?”

सगळे माझ्याकडेच बघू लागले. खरंच, चितेवरचं लाकूड परत कोण मागणार? अण्णांची साक्ष अण्णांबरोबरच जळली, आणि वर आपण सगळे हात जोडून उभे होतो.

कदाचित तुमचं मन खरंच मोठं असेल, शेठ. पण आज सकाळी तुम्ही म्हणालात, शाळेमागे उरलेलं सागाचं बूड उपटून तिथं अण्णांच्या नावाने पार बांधून देतो. पुन्हा तुमचंच मन मोठं. इतकं मोठं मन मला झोपू देत नाही.

कॉलेजातले सर मागे म्हणाले होते, सागाच्या बुंध्यात दर वर्षाचं एक वलय असतं, आणि त्यात त्या त्या वर्षीचं शिसं तपासता येतं. कारखाना यायच्या आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं, दोन्ही त्याच बुडात आहेत. मी त्यांना निरोप धाडलाय. सोमवारी ते बुंध्याचा काप न्यायला येतील. सुमनताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, “बाबांना पार नको. बाबांना उत्तर हवं होतं.”

म्हणून मंडळी, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ते इथे नको. शाळेमागे चला. त्या बुडाभोवती उभे राहू. नंतर ज्यांना घरी जायचं त्यांनी जावं. मी सोमवारपर्यंत तिथून हलणार नाही.

अण्णा, तुम्हाला तिथंच नमस्कार करतो.

शेठ, तुम्हीही या. फक्त पहार टेंपोतच राहू द्या.