यष्टीतली गाठ

(जपान. हिगाशी-कसाई, नवव्या मजल्यावरचं घर. दुपारचे अडीच. टेबलावर रुमालात बांधलेला डबा, तसाच.)

सिंधूबाई : ...आज तिसरा दिवस. मंगळवारपासून डबे सुरू झाले, तेव्हापासून डबा जातो तसा परत येतो. आणि सूनबाई मला सांगते, बालवाडीची बाई चांगली आहे.

राधिका : मोरी सेन्सेई चांगल्याच आहेत, आई. तुम्ही आधी बसा.

सिंधूबाई : बसायला मला काय झालंय? चार वर्षांची पोर उपाशी बसते आणि ती बाई शेजारी बसून बघते. आमच्याकडे म्हशीपुढंसुद्धा कुणी असं बघत बसत नाही. आधी पेंड टाकतात.

राधिका : उपाशी नाही ठेवलं. शेवटी दूध दिलं, बिस्किटं दिली. वहीत लिहिलंय सगळं.

सिंधूबाई : लिहिल्यानं पोट भरतं का?

राधिका : ही निरोपाची वही आहे. रोज त्या लिहितात, रोज आपण लिहायचं. ताप किती, झोप किती, सकाळी काय खाल्लं.

सिंधूबाई : परसाकडेचं पण?

राधिका : ते पण.

सिंधूबाई : कमाल आहे बाई. एवढं लिहितात, मग पोरीला अक्षर एक का येत नाही?

राधिका : अक्षरं शिकवतच नाहीत तिथे. खेळतात. पाणी, माती, किडे. पहिल्याच मीटिंगला सांगितलं, अक्षरांची घाई करू नका, शर्टाची बटणं लावायला शिकवा.

सिंधूबाई : मातीत मी पण खेळले. दुसरीतून बापानं नाव काढलं, तेव्हापासून मातीतच होते. मला नाही कुणी दाखला दिला.

राधिका : आजचं वाचून दाखवू?

सिंधूबाई : वाच. आणि गाळू नको. तू गाळतेस. मला वाचता येत नाही धड, पण वाचणाऱ्याचं तोंड वाचता येतं.

राधिका : ...बरं. "यामिनी-चानने आज स्वतः बूट बदलले. दप्तर आपल्या हुकाला लावलं. हात धुतले, गुळण्या केल्या. जेवणाच्या गाण्याला टाळ्या वाजवल्या. मग ती रुमालाची गाठ सोडवू लागली. पंधरा मिनिटं सोडवत होती."

सिंधूबाई : पंधरा?

राधिका : "मदत करू का, असं आम्ही दोनदा विचारलं. तिने मान हलवली आणि डबा पोटाशी धरला. तिची जिद्द आम्हाला फार आवडली."

सिंधूबाई : जिद्द आवडली म्हणे. नाटक बघायला बसली होती का? मग घ्यायचा काढून.

राधिका : मुलाच्या हातातून काढून घेत नाहीत इथे. पुढे ऐका. "पण तिला भूक लागलेली दिसत होती. उद्याही डबा उघडला नाही, तर सोमवारपासून काही दिवस तिला जेवणाआधी, साडेअकराला घरी न्यावं, अशी विनंती आहे."

सिंधूबाई : न्यावं म्हणजे कुणी?

राधिका : मी. फुनाबोरीच्या ऑफिसात दीडपर्यंतच्या नोकरीला लागून मला अकरा दिवस झालेत. रोज साडेअकराला निघते म्हटलं, तर बाराव्या दिवशी येऊच नका म्हणतील.

सिंधूबाई : मी आणीन की.

राधिका : तुमचं तिकीट वीस दिवसांनी आहे. नंतर?

सिंधूबाई : नंतर तिला बार्शीला नेते. आमची अंगणवाडी हाकेच्या अंतरावर आहे. गरम खिचडी देतात, रुमाल नाही, गाठ नाही, जिद्द नाही. शेजारी सरिता आहे लक्ष ठेवायला. आज माझा सारंग आला की बोलतेच त्याच्याशी.

राधिका : सारंगशी बोलायच्या आधी माझ्याशी बोला, आई. ती कुठेही जाणार नाही.

सिंधूबाई : ...आवाज चढला तुझा.

राधिका : चढला.

सिंधूबाई : चढू दे. लग्नात उखाणासुद्धा ऐकू आला नव्हता तुझा, पुढच्या रांगेत होते तरी. बरं, बोल. काय बोलायचंय?

राधिका : डब्याबद्दल बालवाडीच्या पुस्तिकेत एक पान आहे. डबा छोटा द्या, संपवता येईल एवढाच. रुमालाची गाठ मुलाला स्वतः सोडता येईल आणि जेवल्यावर पुन्हा बांधता येईल, अशी मारा. घरी तिच्याकडून सराव करून घ्या.

सिंधूबाई : हे मला आत्ता सांगतेस?

राधिका : मार्चमध्येच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, गाठ मारायला मला जपान्यांनी शिकवू नये.

सिंधूबाई : म्हणाले असेन. काय खोटं आहे त्यात? तीस वर्षं खानावळ चालवली मी. बार्शीहून सोलापूरला कॉलेजच्या पोरांचे चाळीस डबे जायचे, रोज, सकाळच्या यष्टीनं. त्या रस्त्यानं माणसाची हाडं सुटायची, पण माझी गाठ नाही सुटली. आमटीचा थेंब सांडला नाही कधी. सदानंद कंडक्टर सगळ्या गाडीला सांगायचा, या बाईच्या डब्याची गाठ सोडायला पोरांना दात लावावे लागतात.

राधिका : आई.

सिंधूबाई : काय?

राधिका : दात.

सिंधूबाई : ...घोड्याएवढी पोरं होती ती. दाताचं काय त्यांना.

राधिका : ही सकाळी तुम्हीच मारलीय. सोडा बरं.

सिंधूबाई : परीक्षा घेतेस माझी? आण इकडं. ही बघ, अशी... थांब. चष्मा दे.

राधिका : डोळ्यांवरच आहे.

सिंधूबाई : रुमाल तसला आहे तुमचा. घसरडा. माझा धडुत्याचा असता तर... कालच नखं कापली ना मी. हं. हं... सुटली. झालं समाधान?

राधिका : दोन मिनिटं लागली. तुम्हाला.

सिंधूबाई : घड्याळ लावून बसली होतीस? अशीच त्या बाईसारखी. आणि हे तीन दिवस कळत होतं, तर तोंड का शिवलं होतंस?

राधिका : वहीत काल आणि परवाही गाठीचंच लिहिलं होतं. मी तेवढं गाळलं.

सिंधूबाई : का?

राधिका : तुम्ही पहाटे उठून करता सगळं. तुम्हाला कसं सांगणार?

सिंधूबाई : मला भिऊन पोर उपाशी ठेवलीस. शहाणी. पण राधिका, एक मला समजत नाही. गाठ माझी घट्ट, धर. बाई दोनदा विचारते, सोडू का. मग ही नको का म्हणते?

राधिका : मी विचारलं परवा. भूक नव्हती म्हणाली.

सिंधूबाई : भूक नव्हती तर पंधरा मिनिटं काय गाठीशी खेळत होती? यामू! ए यामू, इकडं ये.

यामिनी : नानी?

सिंधूबाई : नानी नाही, आजी.

राधिका : "काय?" विचारतेय ती. यामू, मराठीत बोल.

यामिनी : काय, आजी?

सिंधूबाई : सेन्सेई डबा सोडून देत होत्या, तर का नाही दिलास?

यामिनी : दामे.

सिंधूबाई : दामे म्हणजे चालत नाही, एवढं मला पण कळतं आता. का चालत नाही?

यामिनी : तू म्हणालीस ना. डब्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

राधिका : आई?

सिंधूबाई : ...मंगळवारी म्हणाले. दारात बूट घालताना. म्हटलं, काय काय खाल्लेले हात असतात त्यांचे. पोरांबद्दल म्हणाले गं.

यामिनी : सेन्सेईचा पण हातच.

सिंधूबाई : भूक लागली होती तुला?

यामिनी : लागली.

सिंधूबाई : मग?

यामिनी : तू म्हणालीस ना! मी हात नाही लावू दिला. आज पण नाही, काल पण नाही, त्याच्या आधी पण नाही. शाबास म्हण.

सिंधूबाई : तीन दिवस, माझ्या शब्दापायी.

यामिनी : आजी, शाबास म्हण ना.

सिंधूबाई : शाबास. राधिका, पेन घे.

राधिका : काय लिहू?

सिंधूबाई : लिही. गाठ आजीनं मारली होती. कुणाचा हात लागू देऊ नको, हे पण आजीच म्हणाली होती. पोरीनं ऐकलं. पोरीचं काही चुकलं नाही. त्या बाईंचं पण नाही.

राधिका : माफ करा, असं शेवटी लिहू?

सिंधूबाई : मी म्हणाले का तसं? झालं ते लिही.

राधिका : इथे तशी पद्धत आहे.

सिंधूबाई : पद्धत आहे तर तुझ्याकडून लिही. तू गाळलंसच ना.

राधिका : लिहिते. आणि सारंगशी बोलणार होतात, त्याचं काय?

सिंधूबाई : दमून येतो बिचारा. त्याच्याशी काय बोलायचं? आण तो रुमाल. कशी पाहिजे त्यांना गाठ?

राधिका : एकच वेढा, आणि वर अशी दोन टोकं सोडायची. ओढलं की सुटते.

सिंधूबाई : ही गाठ? ही गाडी स्टँडातून निघायच्या आत सुटेल.

राधिका : यष्टी नाही आई. खांद्यावरच्या पिशवीतून तीनशे पावलं जायचंय.

सिंधूबाई : तीनशे पावलं. बरं, ही मारली तशी. यामू, बस इथं. हा घे डबा, आणि सोडव.

यामिनी : आतलं खाऊ?

सिंधूबाई : सोडवलंस तर खा. पोळीचा लाडू आहे. ते टोक नाही, दुसरं. इकडून. आण, मी दाखव—

यामिनी : आजी, हात.

सिंधूबाई : घेतले मागं.

यामिनी : दिसतायत.

सिंधूबाई : हे बघ, मांडीखाली ठेवले. सोडव तू.