दरीची गोष्ट ऐकून रडलेली महादेवी

आम्ही मन्यार. उदगीरच्या खाली, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव, बोलता बोलता निम्मं कानडी तोंडात येतं. माझा आजा बांगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन गावोगाव फिरायचा, अब्बा सायकलवर फिरले, आन् मी त्यांची एकुलती एक लेक बी.ए. झाले, मराठी घेऊन. आमच्या जमातीत पोरगी तर सोडाच, एक पोरगा बी तवर कॉलेजात गेला नव्हता. हे मी मिरवून सांगते, कामून सांगू नये? लोक अब्बाला म्हणायचे, मामा, पोरीला शिकवून काय बांगड्या इंग्रजीत भरायला लावणार का? अब्बा म्हणायचे, भरंल की, तुझ्या सुनेचा हात दुखला तर सॉरी बी म्हणंल.

मामा म्हणतात म्हणजे काय, ते सांगते तुम्हाला, ताई. मन्यार हा गावातल्या समद्या बायांचा मामा. परक्या बाप्याच्या हातात बाई हात देती का? पण मन्याराच्या देती, त्यात मराठ्याची, लिंगायताची, आमची, काही बघत न्हाईत. लग्नाचा हिरवा चुडा मामानंच भरायचा. घरातली बाई हळदीकुंकू, सुपारी घेऊन आवतन द्यायला येती, मग मामा जातो, पहिल्या बांगड्या देवाम्होरं ठेवतात, मग नवरीच्या हातात. महादेवीचा चुडा अब्बानंच भरला होता. महादेवी म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण, लिंगायताची, एका बाकावर बसून शिकलो, गावातच दिली तिला, सासरचं किराणा दुकान हाय. तिची लेक शिवलीला माझ्या मांडीवर खेळून मोठी झाली.

मी इथंच शाळेवर शिकवते, मालकांचं शिलाईचं दुकान हाय. आन् दरसाल हुजूरच्या, म्हणजे आमच्या पैगंबरांच्या, जन्माच्या महिन्यात बायांची मौलूद, त्यांची गोष्ट ऐकायची बैठक, माझ्या अंगणात होती. पहिलं उदगीरहून एक आपा यायच्या, पुस्तकातली उर्दू बोलायच्या, आमच्या बाया माना डोलवायच्या आन् कळायचं काहीच न्हाई. मी म्हटलं, मी सांगते, मराठीत सांगते. तर आमच्यातलेच काही म्हणले, मराठीत कुठं नबीची गोष्ट असती का? मी म्हटलं, कामून, अल्लाला मराठी येत न्हाई का? तवापासून मीच सांगते. हळूहळू शेजारपाजारच्या समद्याच यायला लागल्या. महादेवी तर पुढं बसायची, वाती वळत वळत ऐकायची.

मी सुरुवातीपासून सांगायची. जन्माच्या आधीच बाप गेला, सहाव्या वर्षी आई गेली, आजानं सांभाळलं, आजा गेला तर चुलत्यानं सांभाळलं, शेरडं राखली, मग व्यापाराला लागले, आन् इमान असं की अख्खी मक्का त्यांना अमीन, म्हणजे भरवशाचा माणूस, म्हणायची, लोक आपल्या अमानती त्यांच्याकडं ठेवायचे. बीबी खदीजा विधवा, स्वतः व्यापार करणारी, तिनंच सोयरिकीचा निरोप धाडला, हे सांगितलं की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हिराच्या गुहेत अल्लाचा संदेश, वही म्हणतात ती, उतरली, हुजूर थरथरत घरी आले, मला पांघरूण घाला म्हणले, आन् खदीजा म्हणली, तुम्ही नातं जपता, गरिबाचं ओझं उचलता, अल्ला तुम्हाला वाऱ्यावर सोडणार न्हाई. पहिला इमान, नबीवरचा पहिला विश्वास, कुणी आणला? बाईनं. इथं महादेवी हमखास म्हणायची, आमच्या बसवण्णांसंगं बी बाया होत्याच की.

मग यायची दरी. ज्या मक्केनं अमीन म्हटलं तिनंच, हुजूर अल्ला एकच म्हणायला लागले म्हणून, ठरवलं की त्यांच्या घराण्याशी सोयरीक न्हाई, बाजार न्हाई, बोलणं न्हाई. डोंगराच्या दरीत जाऊन राहावं लागलं, दोन-तीन वर्षं, झाडाचा पाला खाल्ला, लेकरांचं रडणं दरीबाहेर ऐकू यायचं. मक्केतला एखादा दयावान माणूस चोरून उंटावर धान्य लादायचा, दरीच्या तोंडाशी आणायचा आन् उंटाला आत हाकलून द्यायचा. हे ऐकून महादेवीच्या डोळ्यांना धारा लागायच्या. म्हणायची, नसीम, मी असते तर मी बी सोडला असता गं एक उंट.

आता काय सांगू तुम्हाला. मागच्या दोन सालांत मोबाइलवर निरोप फिरायला लागले, कुणाकडून घ्यायचं, कुणाकडून न्हाई. मालकांकडं येणारी दोन-चार गिऱ्हाइकं कमी झाली. अब्बा म्हणायचे, असं वारं येतं आन् जातं, मी काय ह्या गावात कालचा हाय का? आन् मला बी तेच वाटायचं, कारण आपलं माणूस आपलं असतं ना.

शिवलीलाचं लग्न ठरलं. लग्नाच्या आठ दिवस आधी महादेवी आमच्याकडं आली, चहा प्याली, शेवया खाल्ल्या. अब्बा ओट्यावर बसलेले. म्हणली, मामा, शिवलीलाच्या हाताचं माप काय वो? अब्बा खुलले. म्हणले, दोन-चारचा हात हाय, पण उजव्या अंगठ्याचा सांधा आडवा येतो, तिथं साबण लावून हळू घ्यावं लागतं, लहानपणी झाडावरून पडली होती ना. ती म्हणली, हाव हाव. दोनदा विचारून घेतलं. अब्बाला वाटलं, चुडा जमवून ठेवा म्हणून सांगायला आली. दुसऱ्या दिवशी स्वतः उदगीरला जाऊन हिरवा चुडा निवडून आणला, एकेक बांगडी बोटानं वाजवून बघितली.

आवतन आलंच न्हाई. चुडा भरायचा दिवस उजाडला तरी न्हाई. मी म्हटलं, अब्बा, थांबा. ते म्हणले, लग्नाचं घर हाय, इसरले असतील, मामाला काय आवतन लागतं? गाठोडं घेऊन निघाले, मी संगं गेले.

अंगणात बाया बसलेल्या आन् मधी लातूरची एक बांगडीवाली, परात म्होरं. शिवलीलाचे दोन्ही हात भरून झालते. ती बांगडीवाली बिचारी, तिला काय ठाऊक, हसत म्हणली, बाईंनी माप असं बरोबर सांगितलं बघा, सांध्याला साबण लाव म्हणल्या, एक बी बांगडी फुटली न्हाई.

अब्बा तसेच उभे. शिवलीला उठायला लागली, मामाआजा म्हणली, तर तिच्या चुलत्यानं तिला बस म्हटलं. तो म्हणला, मन्यारमामा, तुम्ही कशाला तकलीफ घेतली, आता आमचं आम्ही बघतो. एक बाई हळूच म्हणली, बोलावल्याबिगर कामून यावं बरं? महादेवी दारात होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. अब्बा म्हणले, न्हाई न्हाई, मी पोरीला बघायला आलतो. आन् गाठोडं पाठीमागं धरून माघारी फिरले.

महादेवी नंतर आली, चार दिसांनी, परड्याच्या दारानं. म्हणली, दीर ऐकत न्हाई, माझ्या हातात काय होतं गं? मी म्हटलं, तुझ्या हातात माप होतं. माप तू न्यायला आलीस, माझ्या शेवया खाऊन नेलंस. उंट राहू दे महादेवी, एक निरोप तरी सोडायचा, मामा, त्या दिवशी येऊ नका म्हणून. म्हातारा घरी बसला असता, त्याची आब राहिली असती. ती म्हणली, तोंड झालं न्हाई. मी म्हटलं, माप विचारायला झालं की.

दिरानं केलं त्याचं मला काही न्हाई. तो कधी माझ्या अंगणात रडला न्हाई.

ह्या साली मौलूदीला मी म्हटलं होतं सांगणार न्हाई, पण अब्बाच म्हणले, गोष्ट हुजूरची हाय, तुझी न्हाई, सांग. सांगायला बसले. निम्म्यात महादेवी आली, दाराशीच टेकली. हातात वाती न्हाईत. दरी सांगितली. ती रडली न्हाई, खाली बघत राहिली. मग खदीजाचं जाणं सांगितलं, ताइफ गावच्या लोकांनी हुजूरला दगड मारले ते सांगितलं, आन् ज्या रातीला जीव घ्यायला टपले होते त्या रातीला बी लोकांच्या अमानती परत द्यायला चुलतभावाला, हजरत अलींना, मागं ठेवून हुजूर निघाले, ते सांगितलं. मग मदिना, मग फौज घेऊन मक्केला परत. दरीत कोंडणारे समदे म्होरं मान खाली घालून उभे, आता हे आपलं काय करतील म्हणून.

हितून पुढं मी दरसाल आवाज चढवून सांगते. ह्या साली थांबले. म्हाताऱ्या खैरूनखाला म्हणल्या, नसीम, सांग की बाई, हुजूरनं समद्यांना माफ केलं, ती माफी राहिली. मी म्हटलं, खाला, आज एवढंच.

बाया उठल्या. महादेवी जाता जाता जवळ आली, म्हणली, पुढचं मला ठाऊक हाय नसीम.

मी म्हटलं, ठाऊक असंल. मी अजून सांगितलं न्हाई.

शिवलीला हैदराबादला नांदती. तिचा चुडा अखंड राहो, कुणाच्या का हातानं भरला असंना, लेकराचा काय गुन्हा. अब्बा त्या गल्लीला जात न्हाईत, उदगीरच्या बाजारात बसतात. महादेवी रस्त्यात भेटली की मी मान हलवते, बोलत न्हाई. लोक म्हणतात, बाई, दुसऱ्याला माफीची गोष्ट सांगता आन् स्वतः? खरं हाय त्यांचं. पण ते नबी होते, ताई. मला येळ लागंल.